रस्ते बुजवण्याआधी चार रिकाम्या नळ्या टाका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंटरनेट सरकारने पुरवावे की खासगी कंपन्यांनी, यावर आपल्या पत्रव्यवहाराच्या पानावर सध्या चांगलीच खडाजंगी चालली आहे. पाणी आणि दिवाबत्ती महापालिका देते तसे इंटरनेटही तिनेच द्यावे, असे काहींचे म्हणणे. दुसरे सरकारी कारभाराचे दाखले काढून म्हणतात की यात हातच घालू नका. आम्ही नाशकात याच कामात आहोत. कुणी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेले, कुणी फायबरचे जॉइंट मारणारे, कुणी केबलचा धंदा करणारे. आमच्या मते दोन्ही बाजू इंटरनेट ही एकच वस्तू समजून भांडत आहेत. घरात येणाऱ्या त्या बारीक वायरीमागे चार निरनिराळ्या गोष्टी असतात, आणि चारींचा मालक एकच असावा असे काही नाही.

सगळ्यांत खाली जमिनीतली नळी, जिला आम्ही डक्ट म्हणतो. नळी नसेल तर खांब. नळीत फायबर, म्हणजे काचेचा धागा. धाग्याच्या दोन्ही टोकांना प्रकाश सोडणारी आणि वाचणारी यंत्रे. सर्वांत वर सेवा: मुंबईहून बँडविड्थ, म्हणजे डेटा वाहून नेण्याची क्षमता, विकत घेणे, ग्राहकाला प्लॅन देणे, बिल करणे, रात्री साडेदहाला तक्रारीचा फोन उचलणे. वरच्या दोन गोष्टी पाच-सात वर्षांत जुन्या होतात आणि त्यांत चढाओढ असली तर ग्राहकाचा फायदाच होतो. खालच्या दोन एकदा नीट केल्या की पंचवीस वर्षे बघायला नको. त्या सहा कंपन्यांनी सहा वेळा करणे म्हणजे एकच रस्ता सहादा फोडणे. म्हणून आमचे म्हणणे असे: नळी, आणि जमेल तिथे नळीतले कोरे (यंत्रे न लावलेले) फायबर महापालिकेचे, यंत्रे आणि सेवा परवाना असलेल्या कुणाचीही, त्यात बीएसएनएलही आले. हे आत्ताच लिहायचे कारण म्हणजे २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरातले रस्ते उकरले जात आहेत. त्यांवर एकदा काँक्रीट पडले की पुढची कितीतरी वर्षे तिथे कुदळ घालता येणार नाही.

खासगी कंपन्यांचे श्रेय आधी देऊन टाकू. देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू केले आणि खासगी कंपन्यांना दार उघडले ते नोव्हेंबर १९९८ मध्ये. २००४ च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट वेगाला ‘ब्रॉडबँड’ म्हटले होते. आज गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये पाच-सातशे रुपयांत १०० मेगाबिटचा प्लॅन मिळतो, तो चढाओढीमुळे. कंपनी बदलायची धमकी दिली की त्याच दिवशी माणूस येतो, हेही खरे आहे. यंत्रेही वाईट नसतात. ओएलटीच्या, म्हणजे कंपनीच्या टोकाला असलेल्या यंत्राच्या, एका पोर्टमधून घरांच्या दिशेने अडीच गिगाबिट निघतात. एका पोर्टवर ६४ घरे टाकली आणि सगळ्यांनी एकाच क्षणी पूर्ण जोर लावला तरी प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ३९ मेगाबिट येतात, आणि तसे कधी होत नाही. रात्री नऊला व्हिडिओ अडकत असेल तर दोष बहुधा दोन जागी असतो: एक तर कंपनीने वरून घेतलेली बँडविड्थ अपुरी आहे, नाहीतर राउटर टीव्हीच्या मागे कोंबला आहे.

खासगी सेवेची खरी खोट रस्त्यावर टांगलेली आहे. कॉलेज रोडच्या किंवा इंदिरानगरच्या कुठल्याही गल्लीच्या तोंडाशी उभे राहून वर पाहा. पथदीपाच्या एकाच खांबाला चार-पाच कंपन्यांच्या काळ्या वायरी, त्यांची वेटोळी आणि जॉइंटचे डबे लोंबत असतात. त्यांतल्या कित्येक मेलेल्या वायरी आहेत. ग्राहकाने कनेक्शन सोडले तरी वायर उतरवली जात नाही, कारण उतरवायची मजुरी कुणी देत नाही. वायरी तुटायची कारणेही ठरलेली आहेत: पावसाळ्याआधीची फांद्यांची छाटणी, गणपतीच्या उंच मूर्ती, कडब्याने भरलेला ट्रक, रंगकामाची परांची, कुरतडणाऱ्या खारी, आणि आपली वायर ओढताना दुसऱ्याची बाजूला सारणारा प्रतिस्पर्ध्याचा माणूस.

तुटलेला धागा जोडायची रीत अशी: दोन्ही टोके सोलायची, स्पिरिटने पुसायची, क्लीव्हरने काटकोनात कापायची, स्प्लायसिंग मशीनमध्ये वितळवून जोडायची, वर स्लीव्ह चढवायची आणि जोड डब्यातल्या ट्रेमध्ये बसवून झाकण घट्ट करायचे. शिडीवर उभ्या असलेल्या पोराकडे मशीन नसते. तो फास्ट कनेक्टर (न वितळवता हाताने बसवायचे तयार टोक) ठोकतो, वर काळी टेप गुंडाळतो आणि पुढच्या तक्रारीकडे पळतो. त्या वेळी इंटरनेट सुरू होते, म्हणून ग्राहकही खूश. हिशेब मात्र पुढे चुकवावा लागतो.

तो हिशेब एकदा मांडूनच दाखवतो. प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये मोजतात आणि वाटेतली घट डेसिबलमध्ये. ओएलटीतून निघणारा प्रकाश ३ डीबीएम धरा. घरापर्यंत ६ किलोमीटर फायबर, किलोमीटरला पाव डेसिबल याप्रमाणे दीड डेसिबल गेले. वाटेत प्रकाश वाटून देणारे दोन स्प्लिटर, प्रत्येक एकास आठ, म्हणजे प्रत्येकी साडेदहा, दोन्हींचे २१. आठ चांगले जोड, प्रत्येकी दशांश, म्हणजे ०.८. चार कनेक्टर, प्रत्येकी ०.४, म्हणजे १.६. एकूण २४.९ डेसिबल गेले आणि घरी पोचला उणे २१.९ डीबीएम. घरातला फायबरचा डबा (ओएनटी) उणे २७ पर्यंत वाचू शकतो, म्हणजे हाताशी पाच डेसिबल शिल्लक. आता टांगलेली वायर तुटली आणि मध्ये तुकडा घालून दोन्ही टोकांना फास्ट कनेक्टर मारले की निदान एक डेसिबल खर्च झाला. दोन पावसाळ्यांत असे चार-पाच तुकडे पडले, एखाद्या खिळ्यावर वायर मुडपली, जोडात पाणी शिरले, की शिल्लक संपते. मग दिवसा चालते, रात्री जाते. ऊन पडले की चालते, पाऊस आला की जाते. ग्राहक राउटर बदलतो, कंपनी बदलतो, आणि नवी कंपनीही त्याच खांबावरून तशीच वायर ओढते.

वाचकांना हे घरी तपासता येते. डब्याच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल पॉवर किंवा ‘आरएक्स’ असा आकडा असतो. उणे १५ ते उणे २४ असेल तर निर्धास्त राहा. उणे २५ च्या खाली गेला की तक्रार नोंदवा आणि तोच आकडा लिहून द्या. ‘स्लो चालतंय’ एवढ्यावर कुणी खांबावर चढत नाही. एलओएसचा लाल दिवा लागला तर प्रकाश येतच नाही, अशा वेळी डबा बंद-चालू करण्यात अर्थ नाही. हिरव्या टोपीचा कनेक्टर निळ्या सॉकेटमध्ये खुपसलेला नाही ना, हेही पाहावे. हिरव्याचे टोक तिरके घासलेले असते, निळ्याचे सरळ. दोघांची जोडी जमवली की काही डेसिबल नुसत्या फटीतच जातात. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. निकाल पटला नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत दाद मागता येते. हा मार्ग फुकट आहे, पण फारसा कुणी वापरत नाही.

दवाखाने आणि अंबड-सातपूरचे कारखाने यावर उपाय म्हणून दोन कंपन्यांची कनेक्शने घेतात. दोन बिले, दोन डबे, आणि दोन्ही वायरी एकाच खांबावर. खांबाला ट्रक लागला की दोन्ही गेल्या. शहराबाहेरही हीच गत होऊ शकते. नाशिकचा बहुतेक डेटा मुंबईला जातो आणि कसारा घाटातून महामार्गाच्या कडेने जाणाऱ्या केबली शेजारी शेजारी असतात. एका जेसीबीने दोन कंपन्या गार होतात. खरा दुसरा रस्ता म्हणजे रेल्वेमार्गालगतचे रेलटेलचे फायबर, उच्चदाब मनोऱ्यांवरून जाणारे पॉवरग्रिडचे फायबर, किंवा सिन्नर-संगमनेरवरून पुण्याकडे जाणारी वाट. यातल्या पहिल्या दोन कंपन्या सरकारी आहेत आणि खासगी कंपन्या त्यांच्याकडून क्षमता भाड्याने घेतात. सरकारी आणि खासगी अशी सरळ रेघ जे ओढतात त्यांनी आपल्याच बिलाचा मागोवा घ्यावा. ‘खासगी’ इंटरनेट वाटेत कुठे ना कुठे सरकारी मालमत्तेवरून आलेले असू शकते.

आता सरकारी बाजू. बीएसएनएलवर तोंडसुख घेणे सोपे आहे. पण ३१ जानेवारी २०२० ला सुमारे ७८ हजार कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्त झाले हे लक्षात घ्या. त्यांत लाइनमन होते, आणि कुठल्या चेंबरमधून तारांची कुठली जोडी जाते हे नकाशापेक्षा त्यांच्या डोक्यात पक्के होते. ते ज्ञान त्या दिवशी बाहेर पडले. आज बीएसएनएलचे घरगुती फायबर शेवटच्या टप्प्यात बऱ्याच ठिकाणी स्थानिक खासगी भागीदार महसुलातला वाटा घेऊन चालवतात. म्हणजे इथेही पाटी सरकारी आणि शिडीवरचा माणूस खासगी.

भारतनेटचा धडा याहून मोठा आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये योजना मंजूर झाली, अडीच लाख ग्रामपंचायती जोडायच्या होत्या. एक लाखांचा पहिला टप्पा डिसेंबर २०१७ मध्ये संपला. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने महाआयटी या आपल्या कंपनीमार्फत महानेट नावाने हे काम घेतले. रचना साधी: तालुक्याच्या ठिकाणी ओएलटी, ग्रामपंचायतीत ओएनटीचा डबा आणि बॅटरी. पहिल्या टप्प्यातल्या केबली मुख्यतः सरळ रेषेत गेल्या, वर्तुळात नाही. तालुक्याजवळ एका जागी केबल तुटली की पुढची सगळी गावे अंधारात. रस्ता रुंद करणारा ठेकेदार केबल उपसतो, कारण रस्त्याचा विभाग वेगळा आणि केबलचा वेगळा. ग्रामपंचायतीने विजेचे बिल थकवले की डबा बंद. बॅटरी तीन-चार वर्षांत मरते आणि नवी घ्यायला कुठल्या शीर्षाखाली पैसे टाकायचे हे ग्रामसेवकाला ठाऊक नसते. केबल टाकायला पैसा आला, ती जिवंत ठेवायला आला नाही. हे वर कळले असावे. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात वर्तुळाकार जोडणी आणि दहा वर्षांची देखभाल धरली आहे. हा पैसा येतो त्या निधीत दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाचे ५ टक्के जातात, म्हणजे शेवटी तुमच्या-आमच्या बिलातूनच.

एवढे पाहून ‘महापालिकेनेच इंटरनेट विकावे’ म्हणणाऱ्यांना आम्ही हात जोडतो. ओएलटीचे एक कार्ड उडाले तर ते दोन तासांत बदलावे लागते. महापालिकेत दोन तासांत फाइलला टाचणीही लागत नाही. निविदा काढून घेतलेले यंत्र कामाला लागेपर्यंत एक पिढी जुने होते. आयपी पत्त्यांचे नियोजन, गुगल-नेटफ्लिक्सचा मजकूर जवळच साठवणारे कॅश सर्व्हर, ग्राहकांच्या नोंदी कायद्याप्रमाणे जपणे, हे बांधकाम विभागाचे काम नव्हे. फुकट वायफायचे खांब उभारणे तर त्याहून वाईट. उद्घाटनाला नारळ फुटतो, पण बँडविड्थचे मासिक बिल कुठल्या खात्यातून जाईल हे कुणी ठरवत नाही. चहाच्या टपरीवर वायफाय हवे असेल तर डिसेंबर २०२० पासून दुकानांतून वायफाय देण्याची पीएम-वाणी योजना आहे. टपरीवाल्याला त्यासाठी परवाना लागत नाही आणि जून २०२५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने त्याला मिळणाऱ्या ब्रॉडबँडच्या दरावर घरगुती दराच्या दुपटीची मर्यादाही घातली आहे. ते काम त्याला करू द्या.

परदेशातले एक यश या वादात नेहमी पुढे केले जाते: अमेरिकेतल्या चॅटानूगा शहराने २०१० मध्ये आपल्या नगर वीज कंपनीमार्फत घरोघर गिगाबिट इंटरनेट दिले. ते खरे आहे, पण त्या कंपनीकडे स्वतःचे विजेचे खांब होते, चोवीस तास फिरणाऱ्या दुरुस्ती गाड्या होत्या आणि दर महिन्याला बिल वसूल करायची सवय होती. नाशिक महापालिकेकडे वीज वितरण नाही, ते महावितरणकडे आहे. केरळने ५ जून २०२३ ला के-फोन सुरू केले तेही राज्य वीज मंडळाला भागीदार करून, त्याच्या खांब-मनोऱ्यांवरून, आणि घरापर्यंतच्या शेवटच्या वायरीसाठी स्थानिक केबलवाल्यांना सोबत घेऊन. आपल्याला घेण्याजोगा नमुना स्टॉकहोमचा. तिथल्या नगरपालिकेने १९९४ मध्ये स्टोकाब ही कंपनी काढली. ती इंटरनेट विकतच नाही. ती फक्त कोरे फायबर भाड्याने देते. कुणीही कंपनी या, दोन टोकांना आपली यंत्रे लावा, आणि ग्राहक मिळवा.

नाशकात हे कसे करायचे, ते आता नेमके सांगतो.

सिंहस्थासाठी कॅमेरे लागणार, सिग्नल लागणार, तपोवनातल्या साधुग्रामात आणि रामकुंडाच्या परिसरात मोबाइलचे फिरते टॉवर उभे राहणार. या सगळ्यांना फायबर लागते. म्हणजे चर खोदला जाणारच आहे. प्रश्न एवढाच की त्यात एक नळी पडणार की चार. खर्चाचा मोठा भाग खोदण्यात आणि रस्ता पूर्ववत करण्यात जातो, नळी त्या मानाने स्वस्त. एकाऐवजी चार टाकल्याने खर्च चौपट होत नाही.

नळी एचडीपीईची (टणक प्लास्टिकची), बाहेरून ४० आणि आतून ३३ मिलिमीटर, आतून कायमचा गुळगुळीत थर दिलेली. चार नळ्या चार रंगांच्या, म्हणजे पुढे चेंबरमध्ये उतरणाऱ्याला कुठली कोणाची हे विचारावे लागत नाही. बीएसएनएलच्या पद्धतीत खोली १.६५ मीटर. नाशकात बऱ्याच भागांत त्याआधीच काळा खडक लागतो. तिथे खोली कमी चालेल, पण मग नळीभोवती काँक्रीटचे कवच हवे. ठेकेदार खडकाचे कारण सांगून अर्ध्या मीटरवर नळी टाकतो आणि कवचाचे पैसे मात्र घेतो, हे टाळायचे तर चर उघडा असताना पट्टी धरून फोटो आणि जीपीएसची नोंद घ्यावी. नळीच्या वर वीतभर-दीड वीत अंतरावर इशाऱ्याची पट्टी टाकावी. चर फुटपाथखाली घ्यावा, डांबराखाली नको. चेंबर साधारण दर २०० मीटरवर आणि प्रत्येक चौकात. चौकात चारही दिशांना जाणाऱ्या आडव्या नळ्या आत्ताच टाकाव्यात, कारण रस्ता आडवा फोडायची परवानगीच नंतर सर्वांत अवघड असते. चेंबरची झाकणे लोखंडी नकोत, ती भंगारात जातात. सिमेंटची किंवा फायबरग्लासची बसवावीत.

नळीच्या दोन्ही तोंडांना बूच आणि आत दोर, या दोन स्वस्त गोष्टी नेमक्या विसरल्या जातात. बूच नसेल तर पहिल्याच पावसाळ्यात गाळ शिरून घट्ट होतो आणि पुढे केबल फुंकायला आलेला कंप्रेसर हात टेकतो. चांगल्या नळीतून कंप्रेसरच्या हवेवर एका दमात किलोमीटरभर केबल सरकते. नळी दबली असेल किंवा जोडाच्या सॉकेटमध्ये खडा असेल तर ती शंभर मीटरवर अडते. चेंबरमध्ये जॉइंटचा डबा तळाशी ठेवू नये, भिंतीला वर टांगावा. सोबत दहा-पंधरा मीटर जादा केबल गुंडाळून ठेवावी, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी डबा वर काढून गाडीत बसून जॉइंट मारता येतो.

चार नळ्यांचे वाटप आधीच ठरवावे. एक महापालिकेची: कॅमेरे, सिग्नल, जलकुंभ आणि पंपिंग स्टेशनांसाठी. दुसरीत महापालिकेने ९६ फायबरची एक केबल टाकावी आणि त्यातला एकेक धागा भाड्याने द्यावा. एका धाग्यावर ६४ घरे धरली तर अशी एक केबल सहा हजारांहून अधिक घरांना पुरते, आणि छोट्या केबलवाल्याला अख्खी नळी घ्यायची गरज उरत नाही. तिसरी मोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या केबलींसाठी. चौथी कायम रिकामी, कुणी कितीही पैसे देवो. एखादी केबल निकामी झाली की नवी या नळीत फुंकायची, ग्राहक तिच्यावर वळवायचे आणि मग जुनी ओढून काढायची. रिकामी नळी नसेल तर हे काम करताना शहर बंद ठेवावे लागते. ‘वाया जाते’ म्हणून ही चौथी नळी पहिल्याच वर्षी कुणीतरी विकायला निघेल, म्हणून ती विकता येणार नाही असे ठरावातच लिहावे.

गोदावरी ओलांडण्याच्या जागा निराळ्या हाताळाव्या लागतील. पंचवटीकडे जायला पुलाशिवाय सोपी वाट नाही. अहिल्यादेवी होळकर पुलाच्या कडेला सगळ्यांनी आपापले पाइप बांधणे आणि पुराच्या दिवसांत देवाचे नाव घेणे, ही काही योजना नव्हे. निदान दोन पुलांवरून, उदाहरणार्थ होळकर आणि कन्नमवार, समान नळ्या जाव्यात आणि दोन्ही बाजूंना वर्तुळ पूर्ण व्हावे. एका पुलाजवळ काही झाले तरी पंचवटी चालू राहिली पाहिजे, सिंहस्थाच्या पर्वणीला तर नक्कीच. गावठाणात, म्हणजे भद्रकाली, सराफ बाजार, रविवार कारंजा भागातल्या बोळांत चार नळ्या मावणार नाहीत. तिथे दोनच टाका आणि घरांच्या भिंतीवरून ड्रॉप वायर (घरात जाणारी शेवटची वायर) न्यायला सामाईक पट्टी ठोका.

कायद्याची अडचण फार नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात सामाईक डक्टची तरतूद आहे. केंद्राच्या मार्गाधिकार (केबल टाकायला जागा वापरण्याच्या हक्काच्या) नियमांप्रमाणे, आधी २०१६ चे आणि १ जानेवारी २०२५ पासून २०२४ चे, भूमिगत केबलसाठी महापालिकेला प्रशासकीय खर्च आणि रस्ता पूर्ववत करण्याच्या खर्चापलीकडे फारसे मागता येत नाही. म्हणजे आज कंपन्या रस्ता फोडतात आणि महापालिकेच्या हाती खड्डा उरतो. स्वतःची नळी असेल तर तिचे भाडे घेता येते. नळी आणि कोरे फायबर भाड्याने द्यायला इंटरनेट सेवेचा परवाना लागत नाही. आजवर आयपी-१ या नावाने होणारी पायाभूत सुविधांची नोंदणी पुरते. स्मार्ट सिटीसाठी काढलेल्या कंपनीसारखी वेगळी कंपनी ती घेऊ शकते, म्हणजे हिशेबही वेगळे राहतात. आणि कुठल्याही विभागाने जेसीबी लावण्याआधी मार्च २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲपवर सूचना द्यावी, हे आपल्या ठेकेदारांना सक्तीचे करायला महापालिकेला कुणाची परवानगी लागत नाही.

फसण्याच्या जागा दोन दिसतात. पहिली भाड्याची. महासभेला यात उत्पन्नाचा स्रोत दिसेल आणि दर असा लागेल की कंपन्या पुन्हा खांबाकडे वळतील. भाडे देखभाल आणि कर्जाच्या हप्त्यापुरते असावे, मीटरवर आणि वर्षावर, मोठ्या-छोट्या सर्वांना एकच, आणि संकेतस्थळावर जाहीर. सहा महिन्यांत वापरली नाही ती नळी परत. नाहीतर एखादी बडी कंपनी नळी नुसती अडवून ठेवील. दुसरी जागा क्रमाची. खांबावरच्या वायरी बेकायदा ठरवून कापायची मोहीम शहरांत अधूनमधून निघते आणि दोन दिवसांत शेकडो घरे बंद पडतात. मरतो तो छोटा केबलवाला, कारण मोठ्याकडे वकील असतो. आधी त्या रस्त्याची नळी तयार, मग सहा महिन्यांची नोटीस, मग खांब मोकळा. उलट क्रमाने गेलात तर आम्हीच विरोधाला उभे राहू.

देखभाल बांधकाम विभागाच्या गळ्यात घालू नये. आठ-दहा माणसांचे पथक, दोन स्प्लायसिंग मशीन, एक ओटीडीआर, एक गाडी आणि चोवीस तास उचलला जाणारा फोन, एवढे मुख्य रस्त्यांसाठी पुरे. ओटीडीआर म्हणजे धाग्यात प्रकाशाचा ठोका सोडून तो कुठून परत येतो यावरून तुटीचे अंतर सांगणारे यंत्र. नकाशा खरा असेल तर त्याने सांगितलेल्या मीटरवर थेट चेंबर उघडता येते. नकाशा खोटा असेल तर अख्खा दिवस फुटपाथ चाचपत जातो. काम बाहेरच्या ठेकेदाराला दिले तर त्याचे पैसे तुटलेली केबल किती तासांत जोडली यावर ठरवावेत.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडच्या गावांना हे सूत्र जसेच्या तसे लागू पडत नाही. तिथे चढाओढ करायला दुसरी कंपनी येतच नाही, कारण एका डोंगरापलीकडच्या पन्नास घरांवर कुणाचा खर्च निघत नाही. तिथे फायबर, यंत्रे आणि विजेची सोय सगळे सरकारी पैशातूनच व्हावे लागेल. चालवायला मात्र त्याच गावचा प्रशिक्षित तरुण हवा, महसुलातला वाटा घेणारा. जिल्हा परिषदेने आधी एवढे पाहावे की किती ग्रामपंचायतींतले डबे आज चालू आहेत आणि किती निव्वळ बॅटरीअभावी बंद आहेत. ती बॅटरी वित्त आयोगाच्या निधीतून घ्यायची की ग्रामनिधीतून, याचे एक पानी परिपत्रक निघाले तरी पुष्कळ होईल.

शहरातल्या ज्या रस्त्यांचे कार्यादेश निघाले आहेत पण चर अजून उघडा आहे, त्यांच्या कार्यादेशांना पुरवणी आदेश जोडता येतो. सुरुवात तपोवनाकडे जाणारे रस्ते, द्वारका, मुंबई नाका आणि वर सांगितलेले दोन पूल येथून करावी. पुरवणी आदेशात नळ्यांची संख्या, खोली, चेंबरमधले अंतर हे सगळे येईलच. त्याखाली एक अट हवीच: प्रत्येक नळीत हवेचा दाब भरून तो टिकतो हे पाहिल्याखेरीज, आणि या चेंबरपासून त्या चेंबरपर्यंत शटल (नळी तपासायला आतून सोडायचा ठोकळा) आरपार गेल्याची नोंद तिऱ्हाईत तपासनीसाने सही करून दिल्याखेरीज, ठेकेदाराचे शेवटचे बिल निघू नये.

आपले,
दूरसंचार व केबल क्षेत्रातील काही तंत्रज्ञ,
नाशिक